टुरिनचे पाव्हणे

विवाल्दी या इटालियन संगीतकाराची म्हणून जी सीडी मी पंधरा-सोळा वर्षं ऐकत आले, ती विवाल्दीची नाहीच हे कळलं तेव्हा मी इस्त्री करत होते. मोबाइलवर कुणीतरी बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या, संगीतावर बोलत होतं आणि माझं निम्मं लक्ष कॉलरकडे होतं. 'इल पास्तोर फिदो' हे माझ्या त्या सीडीचं नाव कानावर पडलं म्हणून आवाज वाढवला. पुढचं वाक्य ऐकलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

गोष्ट अशी. १७३७ साली पॅरिसमध्ये सहा सोनाटांचा, म्हणजे शब्दांवाचून नुसत्या वाद्यांसाठी बांधलेल्या रचनांचा, एक संग्रह छापून आला. मुखपृष्ठावर अंतोनियो विवाल्दी, ओपस १३. प्रत्यक्षात त्यामागे निकोला शेदव्हिल नावाचा फ्रेंच वादक होता. तो म्यूझेट वाजवायचा. ही उमरावांच्या दिवाणखान्यातली नाजूक पुंगी. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी. रेशमी कपडे घालून धनगर-धनगरीण व्हायची तेव्हा तिथल्या बड्या घरांत हौस होती, आणि त्या हौसेचं हे वाद्य. त्याला जरा वजन यावं, मोठ्या माणसानं आपल्यासाठी लिहिलंय असं वाटावं, म्हणून शेदव्हिलनं स्वतः पैसे घातले, विवाल्दीचं नाव लावलं आणि छापणारा म्हणून मार्शां नावाच्या माणसाला पुढे केलं. काही सुरावटी खऱ्या विवाल्दीच्या उचलल्या, बाकीचं घरचं. १७४९ मध्ये मार्शांनं नोटरीसमोर हे सगळं लिहून दिलं. विवाल्दी तोवर वारला होता. तो कागद दप्तरात पडून राहिला तो थेट विसाव्या शतकाच्या अखेरीला अभ्यासकांच्या हाती लागला.

मला राग आला तो शेदव्हिलचा नाही, माझाच. कारण ही सीडी लावून मी लोकांना ज्ञान दिलेलं होतं. 'बघा, हा खास इटालियन जोश. फ्रेंचांचं कसं सगळं अळणी, शिष्टाचारात अडकलेलं.' आणि तो जोश निघाला पॅरिसचा.

मग मी फ्रेंचांच्या या इटालियन प्रकरणाच्या मागेच लागले. शेदव्हिल काही पहिला नव्हता. त्याच्या आधी चाळीसेक वर्षं हाच उद्योग फ्रांस्वा कूपरँनं करून ठेवला होता, आणि कूपरँ म्हणजे कुणी हौशा-गवशा नव्हे. फ्रेंच संगीतातलं ते थोरलं घराणं. पॅरिसच्या सें-जेर्व्हे चर्चचा ऑर्गन पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात. १६९० च्या आसपास, विशीत असताना, त्यानं रोमच्या कोरेल्लीच्या सोनाटा ऐकल्या आणि तो पार विरघळला. स्वतः एक लिहिली. पण पॅरिसकरांना नव्या परक्या गोष्टी आवडतात आणि घरच्या माणसावर त्यांचा विश्वास नसतो, हे तो ओळखून होता. त्याचा एक नातेवाईक उत्तर इटलीतल्या टुरिनच्या दरबारात नोकरीला होता, खरोखरच होता. त्यानं एका नव्या इटालियन संगीतकाराची सोनाटा पाठवलीय अशी कूपरँनं थाप मारली, आपल्याच नावाची अक्षरं इकडची तिकडे करून एक इटालियन नाव जुळवलं आणि सोनाटा वाजवून घेतली. लोकांनी ती अधाशासारखी ऐकली. हे सगळं त्यानंच १७२६ मध्ये 'ले नास्यों' या संग्रहाच्या प्रस्तावनेत मिश्कीलपणे कबूल केलंय. ते इटालियन नाव मात्र गुलदस्त्यातच ठेवलं. नातेवाईक 'सार्डिनियाच्या राजाकडे' असतो असं तो लिहितो. थाप मारली तेव्हा टुरिनचा धनी नुसता सव्हॉयचा ड्यूक होता, सार्डिनियाचं राज्य त्याला १७२० मध्ये मिळालं. पाव्हण्याला बढती मिळाली ती अशी मागाहून.

पाव्हणा हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आमच्या कोल्हापूरकडे पाव्हणा म्हणजे आलेला माणूस आणि पाव्हणा म्हणजे सोयराही. दोन्हींत फरक करायची आम्हाला कधी गरज वाटली नाही. फ्रेंच संगीतात इटालियन नेमका कोण, आलेला की सोयरा, हे ठरवण्यात त्या लोकांची मात्र सव्वाशे वर्षं गेली.

सुरुवात केली ती एका कार्डिनलनं. ज्यूल माझारँ, जन्माचा जूल्यो माझारीनी. चौदावा लुई लहान असताना फ्रान्सचा कारभार याच्या हातात. त्यानं १६४५ पासून इटालियन ऑपेरा मंडळ्या पॅरिसला बोलवायला सुरुवात केली. १६४७ चा लुईजी रोस्सीचा 'ऑर्फेओ' कित्येक तास चालणारा, यंत्रांनी देवदेवता खाली उतरवणारा आणि खर्चाला डोळे फिरवणारा. वर कास्त्राती, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेले गायक, ज्यांच्याबद्दल फ्रेंच प्रेक्षकाला कधीच आपुलकी वाटली नाही. पुढच्याच वर्षी करांवरून आणि अधिकारांवरून बंड पेटलं, तेव्हा माझारँवर जी शिव्यागाळीची पत्रकं निघाली त्यांत या नाटकाचा खर्चही निघाला. तरी गड्यानं हौस सोडली नाही. राजाच्या लग्नासाठी व्हेनिसहून काव्हाल्लीला बोलावलं. 'एर्कोले आमान्ते' रंगमंचावर यायला १६६२ उजाडलं, माझारँ तोवर गेलेला. यंत्रांचा खडखडाट एवढा की गाणं ऐकू येईना, आणि लोकांनी टाळ्या दिल्या त्या मधल्या नाचांना. नाचांचं संगीत काव्हाल्लीचं नव्हतं. ते होतं ल्युलीचं.

आणि ल्युली कोण? जोव्हान्नी बात्तिस्ता लुल्ली, फ्लोरेन्सच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, जन्म १६३२. तेरा-चौदा वर्षांचा असताना राजाच्या चुलतबहिणीला इटालियन बोलायचा सराव व्हावा म्हणून त्याला फ्रान्सला आणला. माणूस नव्हे, बोलतं शब्दपुस्तक. तिथं तो नाचायला शिकला, व्हायोलिन वाजवू लागला. १६५३ च्या एका रात्रभराच्या बॅलेत चौदा वर्षांचा लुई उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला, त्याच बॅलेत ल्युलीही नाचला. राजाच्या मर्जीत बसायला आणखी काय लागतं. १६६१ मध्ये त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालं, नावातल्या शेवटच्या 'आय'चा 'वाय' झाला, आणि पुढच्या वर्षी लग्नाच्या कागदात बापाचाही भाव वाढला: गिरणीवाल्याचा 'फ्लोरेन्सचा सरदार' झाला.

या माणसानं फ्रेंच ऑपेरा घडवला. घडवला म्हणजे इटालियन काढून टाकून घडवला. सुटी चमकदार गाणी कमी केली, फ्रेंच काव्याच्या ओळीमागं ताल वाकवला. त्याच्या संवादगायनात मात्रा ओळीगणिक बदलतात, चार, तीन, पुन्हा चार, कारण वृत्त तसं चालतं. नाटककार रासीनच्या नाटकांतली नटी शांमेले बोलायची कशी, हे ऐकून तो ते सुरात धरायचा म्हणतात. नाच जागोजाग, समूहगान भरपूर, आणि आधी, खेळ सुरू होण्यापूर्वी वाजवायची, ती सुप्रसिद्ध फ्रेंच ओव्हर्चर: ठेक्यात झुलत येणारी संथ सुरुवात, मग पळापळ. युरोपभर ज्याला फ्रेंच शैली म्हणून मान मिळाला, बाखपर्यंत ज्याची नक्कल झाली, ती फ्लोरेन्सच्या गिरणीतून आली.

१६७२ मध्ये त्यानं संगीत अकादमीचा, म्हणजे ऑपेरा करण्याचा, परवाना विकत घेतला. आधीचा परवानेदार कर्जापायी तुरुंगात होता. मग राजाकडून एकेक हुकूम काढून घेतला. इतर नाटकमंडळींना गायक दोन आणि व्हायोलिनवाले सहा, याहून जास्त वापरायची बंदी. याचा फटका बसला मार्क-आंत्वान शार्पांतिएला, आणि इथं गोष्ट मला फार आवडते. शार्पांतिए अस्सल फ्रेंच, पण तरुणपणी रोमला जाऊन कारिस्सिमीच्या हाताखाली शिकून आलेला. त्याच्या स्वरमेळात ती रोमची घट्ट, दुखरी गाठ कायमची राहिली. मोलिएरच्या शेवटच्या नाटकाला त्याचं संगीत होतं. मोलिएर गेला, बंदी कडक झाली, तसं याला तेच संगीत कापून पुन्हा बसवावं लागलं. हस्तलिखितावर त्यानं शीर्षक लिहून ठेवलंय: 'मनाईहुकूमासह'. पुढे आणखी एकदा: 'तिसऱ्यांदा, निराळ्या तऱ्हेनं जुळवलेलं'. सरकारी कचेरीत तिसऱ्यांदा अर्ज भरणाऱ्याचा सुस्कारा आहे तो. म्हणजे बघा: जन्मानं इटालियन असलेला माणूस फ्रेंचपणाच्या दारावर राखण करतोय, आणि इटलीत शिकल्याबद्दल संशयित ठरलेला फ्रेंच माणूस बाहेर उभा.

ल्युलीच्या मरणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. राजाच्या भगंदराची शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून जानेवारी १६८७ मध्ये त्यानं 'ते देउम' हे लॅटिन स्तोत्र वाजवलं, ताल देताना काठी स्वतःच्या पायावर बसली, जखम चिघळली, पाय कापू देईना, मार्चमध्ये गेला. शार्पांतिएची संधी आली ती त्यानंतर सहा वर्षांनी, पन्नाशीत, 'मेदे' घेऊन. दुसऱ्या अंकात त्यानं चक्क एक इटालियन गाणं घातलं. ऑपेरा पडला. विरोधकांची फळी उभी होती हे खरं, पण संगीतही पचायला जड होतं. मी 'मेदे' सलग ऐकू शकत नाही हे कबूल करते. दोन अंकांनंतर चहा करावा लागतो. पण तो चहा होईपर्यंत डोक्यात तेच सूर चालू असतात. स्वतःच्या मृत्यूवर त्यानं एक लॅटिन गाणं लिहून ठेवलंय. त्यात त्याचं भूत येऊन म्हणतं की मी संगीतकार होतो, चांगल्यांनी मला चांगल्यांत मोजलं आणि अडाण्यांनी अडाण्यांत. आता त्याच्या 'ते देउम'चे सुरुवातीचे सूर युरोव्हिजन या युरोपभरच्या टीव्ही-जाळ्याच्या प्रक्षेपणाची ओळख म्हणून १९५४ पासून वाजतायत. ल्युलीचं असं काही वाजत नाही.

एवढं भांडण होतं तरी कशावरून? हे मला वाचून कळलं नाही, पेटीवर बसून कळलं. कोरेल्लीच्या एखाद्या संथ भागाचं नोटेशन काढा. पान जवळजवळ रिकामं. लांब लांब सूर, बस. वादकानं त्यात आपल्या जागा घ्यायच्या असतात. आम्सटरडॅमच्या रोजे या प्रकाशकानं १७१० मध्ये त्याच सोनाटा पुन्हा छापल्या, खाली साधा सूर आणि वर 'कोरेल्ली वाजवतो तशा' हरकतींसह, तेव्हा त्या वरच्या ओळीत मुंग्यांची रांग लागलेली. ख्याल ऐकलेल्या कानाला यात काही नवल वाटत नाही. बंदिश दोन ओळींची, गाणं पाऊण तासाचं.

कूपरँचं पान उलट. प्रत्येक मुरकीला खूण, प्रत्येक खटक्याला खूण, कुठं किती थांबायचं तेही. आणि १७२२ च्या प्रस्तावनेत तो कुरकुरतो की एवढं करूनही लोक आपल्या मनाचं वाजवतात. माझ्या रचना मी खुणा केल्यात तशाच वाजवा, त्यात घालू नका, काढू नका. इटालियन म्हणतो 'गा बाबा', फ्रेंच म्हणतो 'मी गातो तसं गा'.

पण गंमत पुढेच आहे. एवढं नेमकं लिहिणाऱ्या फ्रेंचांनी लय मात्र लिहिलेली नाही. पानावर सा रे ग म सारख्या लांबीचे दिसतात. वाजवायचे साऽरे गऽम, झोका देत, आणि झोका किती ते चवीनं ठरवायचं. कूपरँ १७१६ च्या हार्पसिकॉर्डवरच्या पुस्तकात सरळ सांगतो: आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं, म्हणूनच परकी माणसं आमचं संगीत नीट वाजवू शकत नाहीत, आम्ही त्यांचं वाजवतो, इटालियन जे मनात असतं तेच लिहितात. हे वाचून मला लहानपणीच्या पेटीच्या बाई आठवल्या. भातखंड्यांच्या पुस्तकातलं नोटेशन मी इमानानं वाजवायचे, आणि त्या हताश होऊन म्हणायच्या, 'अगं, लिहिलंय ते बरोबर आहे, पण ते तसं नसतं.'

कूपरँसारख्या लोकांमुळे १७०० च्या आसपास पॅरिसमध्ये सोनाटांचं पीक आलं. एलिझाबेथ जाके द ला गेरनं लिहिल्या, इतरांनीही. रागने नावाचा एक पाद्री रोमला जाऊन तिथलं गाणं ऐकून आला आणि १७०२ मध्ये इटालियनांची बाजू घेऊन पुस्तक लिहिता झाला. लसर्फ द ला व्हिएव्हिल यानं ल्युलीची बाजू घेऊन १७०४ पासून खंडांमागून खंड उत्तर दिलं. म्हणजे इटलीविरुद्ध फ्रान्सचा ध्वज कोण, तर पुन्हा तोच फ्लोरेन्सचा लुल्ली. फोंतनेल नावाचा विद्वान तर एका मैफलीत वैतागून म्हणाला, 'सोनाटे, तुला माझ्याकडून हवंय तरी काय?' मला हा माणूस आपला वाटतो. शब्दांवाचून सूर ऐकायची सवय नसलेल्या प्रत्येक श्रोत्याचा तो प्रतिनिधी. बरं, व्हायोलिन हे तिकडे मुळात नाचाला साथ देणाऱ्या नोकरमंडळींचं वाद्य, खानदानी वाद्य ते व्हिओल, गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं. १७४० मध्ये ल ब्लां नावाच्या एका व्हिओलप्रेमीनं पुस्तकच लिहिलं, त्यात व्हायोलिन म्हणजे सगळं राज्य गिळू पाहणारा एक खुजा सुलतान. सुलतान तोवर जिंकलेला होता. लिओंच्या झालरी विणणाऱ्याचा मुलगा जां-मारी लक्लेर टुरिनला (पुन्हा टुरिन!) कोरेल्लीच्या शिष्याकडे, सोमीसकडे, शिकून आला आणि त्यानं फ्रेंच नाचाची ऐट आणि इटालियन बोटं अशी एकत्र आणली की सांधा दिसू नये. ट्युलरीच्या राजवाड्यात विवाल्दीचा 'वसंत' एवढा लोकप्रिय झाला की १७३० मध्ये पंधराव्या लुईनं अचानक फर्माईश केली आणि ती पुरी करायला उमराव मंडळी स्वतः वाद्यं घेऊन बसली. या वातावरणात शेदव्हिलनं विवाल्दीचं नाव लावलं नसतं तरच आश्चर्य.

आता रामो. १७३३ मध्ये, पन्नाशीत, त्याचा पहिला ऑपेरा आला. जुना संगीतकार कांप्रा, ज्याचे वडील टुरिनकडून आलेले, म्हणाल्याचं सांगतात की या एका ऑपेरात दहा ऑपेरांचं संगीत आहे. ल्युलीभक्त खवळले: फार सूर, फार गुंता, फार इटालियन. पुढच्या वर्षी 'मर्क्यूर द फ्रान्स' या मासिकात एक निनावी पत्र छापून आलं, त्यात या संगीताला शिवी म्हणून 'बरोक' म्हटलं होतं, वेड्यावाकड्या मोत्याचा शब्द. रामोचं इटलीत जाणं म्हणजे अठराव्या वर्षी मिलानला मारलेली एक छोटी फेरी. पण शिक्का बसला. मग १७५२ मध्ये एक इटालियन मंडळी आली, पेर्गोलेसीचा छोटासा 'ला सेर्व्हा पाद्रोना' घेऊन: एक म्हातारा, एक मोलकरीण, एक मुका नोकर. तोच खेळ सहा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झाला होता तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. या वेळी शहर दोन कोपऱ्यांत वाटलं गेलं, राजाच्या सज्जाखालचे आणि राणीच्या सज्जाखालचे. तत्त्वज्ञ रूसोनं लिहून टाकलं की फ्रेंचांना संगीत नाही आणि असूही शकत नाही. आणि या वेळी अस्सल फ्रेंच संगीताचा खांब म्हणून कोणाला उभं केलं? रामोला. एकोणीस वर्षांत माणूस परका होता तो परंपरा झाला, तेही जागचं न हलता.

मला हसू येतं, पण फार नाही. माझ्यासमोरची ही पेटी पॅरिसमध्ये १८४२ च्या सुमारास देबँ नावाच्या कारागिरानं पेटंट घेतलेल्या हार्मोनियमची नात. कोलकात्यात तिचे पाय कापून तिला मांडी घालून बसवलं. आमच्याच कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तिला बोलती केली, नाटकाच्या पडद्यामागे ती माहेरवाशिणीसारखी वावरली, आणि तरी १९४० साली रेडिओनं तिला परकी म्हणून दाराबाहेर काढलं. भजनी मंडळाला हा निर्णय कुणी कळवला नसावा.

गेल्या महिन्यात मी कूपरँची १७२५ ची 'ल्युलीचं स्वर्गारोहण' ही रचना पानासकट घेऊन बसले. गोष्ट अशी की ल्युली मरून सुखलोकात गेलाय. खाली पाताळात त्याच्या समकालीनांची जळफळाट-कुजबुज चाललीय, ती वाजते. संगीताचा ग्रीक देव अपोलो त्याला पर्नास पर्वतावर नेतो, तिथं कोरेल्ली आणि इटालियन सरस्वत्या त्याचं स्वागत करतात, 'अर्धं गोड, अर्धं बिथरलेलं'. असं शीर्षकच आहे. अपोलो दोघांना पटवतो की दोन्ही रुची एकत्र आल्या तरच संगीत पुरं. मग दोघं व्हायोलिन घेऊन बसतात. एकदा ल्युली चाल वाजवतो आणि कोरेल्ली साथ करतो, मग उलट. पानाकडे बघा: वरच्या ओळीला फ्रेंच पद्धतीची किल्ली (कुठली रेघ म्हणजे कुठला सूर हे सांगणारी खूण), खालच्या रेघेवर बसलेली, शेजारच्या ओळीला इटालियन, दुसऱ्या रेघेवर. सूर एकमेकांत गुंतलेले, पण प्रत्येकजण आपापल्या लिपीत. मी वरची ओळ पेटीवर वाजवायला गेले आणि दोनदा चुकले, कारण डोळा इटालियन किल्लीला सरावलेला. तिसऱ्यांदा जमलं. साथीला कुणी नव्हतं, म्हणून कोरेल्लीची ओळ गुणगुणले.

शेवटी तह होतो. 'पर्नासची शांती' या शेवटच्या भागाच्या शीर्षकात कूपरँनं तहाची अट छापलीय. फ्रेंच सरस्वत्यांनी हरकत घेतल्यावरून असं ठरलं की त्यांची भाषा बोलताना यापुढे 'सोनाद' आणि 'कांताद' म्हणायचं, बालाद आणि सेरेनाद म्हणतात तसं. सूर घेतले, साथ घेतली, पर्वत वाटून घेतला, आणि तंटा तोडला तो शब्दाच्या शेपटावर. 'ले नास्यों'तही त्यानं तेच केलं. त्यातली पहिली सोनाटा म्हणजे ती टुरिनच्या पाव्हण्याकडून आली म्हणून सांगितलेली, इटालियन नावानं टाळ्या घेतलेली. छापताना तिला नवं नाव दिलं: 'ला फ्रांस्वाज', फ्रेंच बाई.

सोनाद काही चालला नाही. फ्रेंच आजही सोनात म्हणतात. आमच्याकडे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'संवादिनी साथ' असं छापतात, आणि आतून कुणीतरी ओरडतं, 'पेटी आली का रे?'